सहा माणसांवर कॅप्टन

चंदिगडला ताठ चालणारा कुठलाही निवृत्त माणूस दिसला की दुकानदार त्याला 'कर्नल साब' करून टाकतात. म्हणणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही आणि ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं. मेजर इंगवल्यांना मात्र ते अजिबात खपत नसे. सेक्टर बावीसच्या बाजारात भाजीवाल्यानं 'आओ कर्नल साब' म्हटलं की हातातला फ्लॉवर खाली ठेवून ते शांतपणे सांगत, कर्नल नाही, मेजर. भाजीवाला हसून म्हणे, एकच की हो जी. झालं, मग भर बाजारात वर्ग भरायचा. मेजर म्हणजे एका कंपनीचा, शंभर-सव्वाशे माणसांचा. कर्नल म्हणजे अख्ख्या पलटणीचा, आठशेंचा. मधल्या सातशे माणसांना तू कुठं टाकलंस, असं ते त्या बिचाऱ्याला विचारत. मी शेजारी पिशवी धरून उभी. हसू यायचं आणि उशीरही व्हायचा, कारण मला इस्पितळात ड्युटीवर जायचं असायचं. मी भूल देणारी डॉक्टर. माझ्यासाठी टेबलावरचे पेशंट खोळंबलेले आणि हे गृहस्थ फ्लॉवरच्या ढिगापुढं फौज उभी करतायत.

आम्ही एकाच घरात भाड्यानं राहत होतो. तळमजल्यावर घरमालक ग्रेवालजी, शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे मास्तर, एकटेच. मधल्या मजल्यावर मेजर आणि इंगवले वहिनी. वर गच्चीवरच्या दोन खोल्यांत मी आणि माझा नवरा आनंद, तो युनिव्हर्सिटीत केमिस्ट्री शिकवायचा. मेजर मूळचे साताऱ्याकडचे, मी सांगलीची, त्यामुळे पहिल्याच भेटीत त्यांनी मला 'डॉक्टरीणबाई' आणि आनंदला 'जावईबापू' करून टाकलं. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी इथल्याच छावणीत काढली होती. मुलाची शाळा मोडू नये म्हणून ते इथंच राहिले, आणि पंचकुल्यातल्या एका कारखान्यात प्रशासन बघू लागले. मुलगा सुहास पुढं फौजेतच गेला.

मेजरांचं खरं वेड म्हणजे लढाईचे खेळ. हे वेड आमच्यामुळंच लागलं म्हणायला हरकत नाही. आनंदच्या एका मित्रानं अमेरिकेहून एक मोठं खोकं आणलं होतं. आत जाड पुठ्ठ्याचा नकाशा, त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सहा बाजूंची घरं, आणि सैन्याच्या शेकडो चौकोनी सोंगट्या. आम्हाला त्यातलं ओ की ठो कळेना, म्हणून खोकं मेजरांकडं गेलं. त्यांनी नियमांचं पुस्तक पेन्सिल घेऊन सगळं वाचलं आणि एक दिवस जिन्यात मला थांबवून निकाल दिला.

"डॉक्टरीणबाई, ज्यानं हा खेळ केला ना, त्यानं जन्मात कधी हजेरी घेतलेली नाही."

त्यांचं म्हणणं असं, की या खेळात ब्रिगेड सकाळी जेवढी तेवढीच संध्याकाळी. कुणी रजेवर नाही, कुणाला हगवण नाही, कुणी पहाऱ्यावर नाही. कर्नल मूठभर माणसं घेऊन नदी ओलांडतोय, आणि सार्जंटच्या हाताखाली तोफखाना! असं कुठं असतं होय? मग त्यांनी स्वतःचा खेळ बनवला. प्लायवूडचा पाट, त्यावर पट्टी-कंपासनं आखलेली घरं, मधून एक नदी, काठानं गावं. सोंगट्यांना पुठ्ठा मी इस्पितळातून आणून दिला, सलाइनच्या खोक्यांचा. त्यामुळं समोरून बघितलं तर सुभेदार आणि उलटं केलं तर अर्धवट कापलेलं ग्लुकोज.

रविवारी सकाळी खेळ मांडायचा. निळं सैन्य मेजरांचं, लाल ग्रेवालजींचं, आनंद पंच, आणि मी सुट्टी असली तर स्वेटर विणत बघणारी. पण सोंगटी हलवण्याआधी हजेरी व्हायची. प्रत्येक तुकडीसाठी फासे टाकायचे आणि तेवढी माणसं वजा करायची: रजेवरचे, आजारी, स्वयंपाकी, पहारेकरी, कोर्सला गेलेले. कागदावरची सव्वाशेची कंपनी मैदानात उतरेपर्यंत ऐंशीची होई. ग्रेवालजींना हे सोसायचं नाही. ते दाढीवरून हात फिरवत घासाघीस करायचे, की मेजर साब, माझे लाँगरी, स्वयंपाकी, पण लढतील, त्यांना वजा करू नका. मेजर विचारायचे, मग रोटी कोण भाजणार, तुम्ही? यावर दोघांची खरोखरची भांडणं व्हायची. एकदा ग्रेवालजी पगडी सावरत तरातरा खाली निघून गेले आणि दोन रविवार वर फिरकले नाहीत. शेवटी वहिनींनी गाजर हलव्याची वाटी खाली पाठवली तेव्हा आले.

पुण्याचे डॉक्टर कधी कामासाठी आले की आमच्याकडं उतरायचे. दिल्लीहून येताना बस पानिपतवरून जाते, त्यामुळं सगळे भारावलेले असायचे. एकदा दोघांनी हट्टच धरला, मेजर, पानिपत मांडा, बघू आपण कसे हरतो ते. मेजर म्हणाले, मांडू की, आधी हजेरी द्या. पाहुणे म्हणाले, लाख. मेजर म्हणाले, लाख लाख काय करता, त्यात लढणारे किती? यात्रेकरू काढा, बायकामुलं काढा, बाजारबुणगे काढा, उपाशी घोडी काढा. मग हुद्दे आले. शिवाजी महाराजांच्या घोडदळातला हवालदार पंचवीस बारगिरांवर, आपल्या फौजेतला हवालदार दहा जवानांवर, नाव एकच म्हणून दोघांना एका मापानं मोजू नका, असं सगळं. दुपार झाली तरी वजाबाकी चालूच. पाहुण्यांचा चेहरा पडला. आपण हरायच्या आधीच हरलो असं त्यांना वाटलं असणार. लढाई काही झाली नाही, वहिनींनी पानं घेतली आणि सगळे पिठलं-भाकरी जेवले.

हे सगळं मी असं हसत सांगतेय, पण पंजाबातल्या दहशतवादाची ती वर्षं हसण्याची नव्हती. संध्याकाळ झाली की बाजार बंद. चौकात वाळूची पोती, स्कूटर थांबवून डिकी उघडून दाखवायची. बसमध्ये बेवारशी पिशवी दिसली की सगळे न बोलता उतरायचे, आणि ती कुणाच्या तरी कणसांची निघाली की न बोलता परत चढायचे. इस्पितळात गोळ्या लागलेली माणसं यायची. मी त्यांना भूल द्यायची, सर्जन गोळी काढायचा, आम्ही कॅन्टीनमध्ये राजमा-चावल खायचो. पहिल्या-पहिल्यांदा घास उतरायचा नाही. नंतर उतरायला लागला. पेपरात रोज आकडा असायचा आणि आम्ही तो हवामानासारखा वाचायचो. कुणी वाईट नव्हतं, सगळे बधिर झालेले होते, मीही.

लष्कर पंजाबात पुन्हा उतरलं तेव्हा सुहासची पलटण सरहद्दीजवळच्या गावांमध्ये आली. तो नुकताच कॅप्टन झाला होता. लांबून बघितलं तर चांगलंच, मुलगा बसनं चार-पाच तासांवर. वहिनींनी सुरुवातीला मेथीचे लाडूसुद्धा कुणाबरोबर तरी पाठवले. पण पेपरातला आकडा आता त्यांच्या घरात येऊन बसला.

तेव्हापासून त्या घरात सकाळची एक रीत पडली. मी दूध घ्यायला खाली उतरायची, तर त्यांचं दार उघडं असायचं. मेजर दारातल्या खुर्चीत पेपर धरून. वहिनी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या, चहाचं पातेलं पाण्यानं भरलेलं, हातात काडेपेटी, पण गॅस पेटवलेला नसे. चकमकीची बातमी असली की मेजर ती शेवटपर्यंत वाचत. किती माणसं होती, कोण पुढं होता, कुठला हुद्दा. मग हिशेब करत. दहा माणसांची तुकडी म्हणजे हवालदार. ट्रक म्हणजे रसदीचा, त्याच्यावर नायब सुभेदार. अधिकारी असेल तर कंपनी कमांडर असेल, म्हणजे मेजरच्या हुद्द्याचा, कॅप्टन नाही. आणि पेपर खाली न घेता म्हणत, "आपला नाही."

वहिनी काडी ओढायच्या. मग आल्याचा वास जिन्यात यायचा आणि मी माझी दुधाची पिशवी घेऊन वर जायची.

मला हे भयंकर वाटायला हवं होतं. आपला नाही म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी आहेच ना. पण खरं सांगते, मीसुद्धा ते दोन शब्द ऐकायला जिन्यात पाय जरा सावकाश टाकायची. त्यांचा हिशेब कधी चुकला नाही. पेपरवाले पन्नास माणसांना ब्रिगेड लिहीत, सुभेदाराला कर्नल करत. मेजर ते दुरुस्त करून खरी बातमी काय असेल ते सांगत, आणि चार दिवसांनी तसंच निघे. खालून ग्रेवालजीही कधी कधी पेपर घेऊन वर येत आणि एखाद्या बातमीवर बोट ठेवून उभे राहत. मेजर मान हलवत. मग ग्रेवालजी वाहेगुरू म्हणत खाली जात.

सुहास एकदा रजेवर आला. उंच, वाळलेला, आईनं वाढलेलं सगळं खाणारा आणि भलत्याच वेळी झोपणारा. मराठी समजायचं पण उत्तर हिंदीत, चंदिगडला वाढलेली आपली सगळीच पोरं तशी. रविवारी तोही पाटाजवळ येऊन बसला. हातात जिलेबी, दुसऱ्या हातानं त्यानं एक सोंगटी उचलली. हवालदार, दहा माणसं.

"पापा, दस कहाँ मिलते हैं? छह मिल जाएँ तो बहुत है."

मेजर म्हणाले, मग तो तुटका सेक्शन झाला, तरी त्याच्यावर हवालदारच. सुहासनं विचारलं, हवालदार नसला तर? मेजर म्हणाले, तर नाईक. अधिकारी असा पाच-सहा जणांबरोबर हिंडत नसतो, त्याला सगळ्या कंपनीकडं बघायचं असतं, हे काय मी तुला शिकवू? सुहासनं वडिलांकडं बघितलं. पुढं काहीतरी बोलेल असं मला वाटलं. पण त्यानं सोंगटी होती तिथं नीट ठेवली, जिलेबी संपवली आणि बोटं चाटत 'पक्का' एवढंच म्हणाला. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या, त्यांच्याकडं बघून हसला.

तो गेल्यावर दोन-अडीच महिन्यांनी असेल, रविवारचीच सकाळ. मी खाली उतरले तर मेजर वाचत होते. सरहद्दीजवळ लष्कराच्या सहा जणांच्या गस्तीवर हल्ला, त्यांचं नेतृत्व करणारा कॅप्टन आणि दोन जवान ठार, नावं अजून जाहीर नाहीत. हे त्यांनी मोठ्यानं वाचलं. ओट्यापाशी वहिनी. मी जिन्यातच थांबले.

त्यांनी बातमी पुन्हा वाचली, मग चष्मा काढून पुसला.

"सहा माणसांवर कॅप्टन नसतो," ते म्हणाले. "सहा असतील तर हवालदार. कॅप्टन असेल तर तीस तरी हवेत. काहीतरी एक चुकीचं छापलंय. आपला नाही."

वहिनी लगेच हलल्या नाहीत. त्या मेजरांच्या तोंडाकडं बघत होत्या. मग त्यांनी काडी ओढली.

आम्ही त्या दिवशीही खेळ मांडला. मांडू नये असं कुणी म्हणालं नाही. ग्रेवालजींनीही पेपर वाचलेला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपले लाँगरी मुकाट वजा करू दिले. मी विणत होते आणि टाके मोजायला विसरत होते. मेजर मात्र नेहमीसारखे. उलट जरा जास्तच नेमके, प्रत्येक तुकडीची हजेरी दोनदा. उन्हं गॅलरीत आली होती. खाली गाडीचा आवाज आला आणि थांबला.

मेजर उठून गॅलरीत गेले. कठड्यावरून खाली बघितलं. आम्हाला त्यांची पाठच दिसत होती. मग ते मागं न वळता म्हणाले, "कर्नल आहे." आणि थोड्या वेळानं, "पूर्ण कर्नल. कॉलरला लाल पट्टी आहे."

आनंदला काही कळलं नाही. मला कळलं. कॅप्टनच्या घरी त्याच्या खुशालीचा निरोप द्यायला कर्नल येत नाही, एवढं त्यांच्या हाताखाली मीही शिकले होते. मेजरांनी शर्टाचं गळ्याचं बटण लावलं, पायांत बूट घातले, नाड्या बांधल्या. जिन्यात पावलं वाजत होती. आत वहिनींनी गॅस बंद केला, तो टक् असा आवाज मला ऐकू आला.

कर्नल आत आले, बरोबर एक सुभेदार साहेब. कर्नलनी टोपी काढली आणि जे सांगायचं ते हिंदीत, उभ्या उभ्या, थोडक्यात सांगितलं. कॅप्टन सुहास इंगवले. मेजरांनी ऐकून घेतलं. त्यांना बसा म्हणाले. कुणी बसलं नाही. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली, आणि आवाज तोच, रविवार सकाळचा, हजेरीचा. उत्तरं सुभेदार साहेब देत होते.

"उसके साथ कितने थे?"

"छह, साहब."

"सुबेदार?"

"दूसरी पार्टी लेकर गए थे."

"हवालदार?"

"छुट्टी पर. बहन की शादी थी."

"नाईक?"

"बुखार में था. इसलिए कप्तान साहब खुद निकले."

मेजरांनी मान हलवली. पाटावर फासे तसेच पडलेले होते. त्यांनी ते उचलून डबीत टाकले आणि मराठीत, कुणाकडंच न बघता म्हणाले, "मग बरोबर आहे."

वहिनी रडल्या नाहीत. त्या दारात उभ्या होत्या आणि त्यांनी मला विचारलं, डॉक्टर, पाहुण्यांना चहा ठेवू ना? मी त्यांचा हात धरला, तो ओला होता, कपबशा विसळत होत्या त्या. मी एवढी माणसं बेशुद्ध केली, पण शुद्धीवर असलेल्या माणसाचा हात इतका थंड मला कधी लागला नव्हता. खाली जिन्यात मात्र मोठ्यानं रडण्याचा आवाज आला. ते ग्रेवालजी होते. ते केव्हा उठून गेले कुणी पाहिलंच नव्हतं.

पुढचं सगळं रीतीप्रमाणं झालं. बंदुका उलट्या धरलेले जवान, बिगुल, घडी केलेला झेंडा. मेजर प्रत्येकाचा सलाम त्याच्या हुद्द्याप्रमाणं घेत होते. साताऱ्याहून भाऊबंद आले, गावाकडं चला म्हणाले, हे गेले नाहीत. पेपर बंद केला. वहिनी आता सकाळी उठल्याबरोबर चहा ठेवायच्या, कुणाची वाट न बघता, आणि जिन्यात तो वास आला की मी भरभर वर जायची. पाट कपाटामागं उभा करून ठेवलेला होता. आम्ही वर जाता-येता थांबायचो, बोलायचो, गॅस सिलिंडरचं, पाण्याचं. त्यांच्याबद्दल वाईट वाटायचं आणि काय म्हणावं ते सुचायचं नाही. ते सुचण्याची जागाच आत उरली नव्हती.

वर्षभरानं आनंदला पुण्यात नोकरी लागली. सामान बांधून झालं, निघायच्या दिवशी निरोप घ्यायला आम्ही मधल्या मजल्यावर गेलो. दार उघडंच होतं. बघितलं तर पाट मांडलेला, निळं सैन्य, लाल सैन्य, समोरासमोर मेजर आणि ग्रेवालजी. दोघांचं लक्ष नव्हतं. आनंदनं विचारलं, पंच कोण? मेजर म्हणाले, आता लागत नाही. मग म्हणाले, या जावईबापू, बघा, एक नियम बदललाय.

त्यांनी बोटानं दाखवलं. नदीच्या अलीकडं, गावाच्या कडेला, एक नवी सोंगटी होती. कोरी, अजून कडा मऊ न झालेली. तिच्यावर तीन तारे, कॅप्टनचे, आणि खाली आकडा सहा.

"हजेरीत सुभेदार, हवालदार, नाईक तिघेही गेले तर कॅप्टन जाऊ शकतो," ते म्हणाले. "आधी हे धरलं नव्हतं. खेळात चूक होती माझी."

पाळी ग्रेवालजींची होती. त्यांचे लाल सेक्शन त्या सोंगटीच्या तिन्ही बाजूंना होते. एका चालीत ती उचलली गेली असती, मला स्वेटर विणता विणता एवढं कळायला लागलं होतं. हा माणूस एका लाँगरीसाठी दोन रविवार रुसणारा. त्यांनी पाटाकडं बराच वेळ बघितलं आणि सेक्शन उचलून लांब पुलाकडं नेला, जिथं काही नव्हतं. मग दुसरा. मग तिसराही.

मेजर म्हणाले, "ग्रेवालजी, सामने है. उठाइए."

ग्रेवालजींनी चष्मा काढला, पाटावर वाकले, नीट बघितलं.

"मैनूं ते ओथे कोई नहीं दिसदा, मेजर साब."

खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. मेजरांना खेळात लबाडी चालत नसे, कुणाचीच, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मी दारात थांबले, आता ते काय म्हणतात ऐकायला. त्यांनी फासे उचलले, हातात खुळखुळवले, आणि आपली पाळी खेळले.